तिसऱ्या घंटेआधीची गळचेपी

सेन्सॉरने नाटकातले वाक्य कापले, एखादी संघटना थिएटरच्या दाराशी घोषणा देत उभी राहिली, प्रदर्शनातून चित्र उतरवायला लावले, की महाराष्ट्रात गहजब होतो. व्हायलाच हवा. पण आज नाटकाचा, मैफलीचा, मांडणशिल्पाचा जो भाग रोजच्या रोज कापला जातो आहे, तो पडदा उघडण्याच्या तीन-चार तास आधी, मागच्या दाराशी, टेम्पोतून सामान उतरत असताना. त्याची बातमी होत नाही. प्रेक्षकाला तो कळत नाही, कारण जे कापले गेले ते त्याने कधी पाहिलेलेच नसते. कलाकार आणि सभागृह यांच्यातला हा मांडणीच्या वेळचा नियमांचा झगडा आता तुरळक उरलेला नाही. आपल्या रंगभूमीचे रूप ठरवण्याइतका तो बळावला आहे आणि म्हणूनच धोक्याची घंटा आज वाजवणे भाग आहे.

मुंबई-पुण्याच्या कोणत्याही मोठ्या नाट्यगृहातला रविवार डोळ्यांपुढे आणावा. सकाळी एक प्रयोग, दुपारी दुसरा, रात्री तिसरा, आणि तिन्ही वेगळ्या संस्थांचे. दुपारचा पडदा पडला की रात्रीच्या नाटकाच्या हाती दीड-दोन तास येतात. तेवढ्यात आधीचा सेट उतरायचा, नवा चढायचा, बारवर स्पॉट बांधायचे, डिमरची जोडणी करायची, माइक तपासायचे. बॅकस्टेजचे पाच-सहा कामगार हे सगळे ज्या वेगाने करतात ते एकदा तरी प्रत्येक नाट्यरसिकाने पाहावे. नेमक्या त्या धावपळीत व्यवस्थापकांच्या कार्यालयातून निरोप येतो: हे चालणार नाही. काय चालणार नाही, ते दर गावी वेगळे. कुठे जमिनीत स्क्रू मारायचा नाही, कुठे स्वतःचा लाइट बोर्ड जोडायचा नाही, कुठे धुराचे यंत्र नाही, कुठे प्रेक्षागृहातून पात्राचा प्रवेश नाही, कुठे पायऱ्यांवर दिवा ठेवायचा नाही. कालच्या संस्थेला चालले ते आज का नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. नियम आहे.

एकच गोष्ट जवळून पाहू. नाटकातली भिंत म्हणजे फ्लॅट. तो उभा राहतो मागच्या तिरक्या आधारावर, ब्रेसवर. ब्रेसचे खालचे टोक जमिनीला पक्के केले नाही तर भिंत झुलते. पक्के करायचे दोन मार्ग: स्क्रू, नाहीतर वजन. नाट्यगृहाने नवी लाकडी जमीन घातली की ‘खिळे व स्क्रू मारू नयेत’ असा फलक लागतो. फलकात चूक नाही. लोकांच्या कराच्या पैशातून घातलेली जमीन वर्षभरात चाळण झाली तर त्याच जमिनीवर अनवाणी नाचणाऱ्या मुलीचा पाय फाटतो. पण मग त्या जागी लोखंडी वजने नाट्यगृहाने ठेवायला नकोत का? बहुतेक ठिकाणी ती नसतात. कामगार मिळेल ते ओढून आणतात: वाळूची पिशवी, दगड, सामानाची पेटी. आणि मग जी गोष्ट प्रेक्षकापर्यंत पोचते ती अशी, की दुसऱ्या अंकात संतापून दार आपटून निघून जाणारी नायिका ते दार हलकेच ओढून घेते. आपटले तर मागची भिंत हलेल हे तिला ठाऊक असते. लेखकाने लिहिलेला, दिग्दर्शकाने बसवलेला, नटीने महिनाभर तालमीत कमावलेला तो क्षण एका नियमाने गेला. आणि नियम बरोबर होता. चूक नियमाच्या दुसऱ्या, कुणी न लिहिलेल्या अर्ध्या भागात होती.

हा न लिहिलेला अर्धा भाग हेच आजच्या दुखण्याचे मूळ आहे. नाट्यगृहाचे नियम वापरणाऱ्याने काय करू नये ते सांगतात. चालवणाऱ्याने काय द्यायला हवे, ते सांगत नाहीत. स्क्रू मारला तर अनामत रक्कम कापली जाते. वातानुकूलन बंद असेल तर भाड्यातून काय वजा होते? काही नाही. मे २०२३ मध्ये रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात भरत जाधव यांनी ‘तू तू मी मी’च्या प्रयोगात प्रेक्षकांची माफी मागितली होती, हे अनेकांना आठवत असेल. वातानुकूलन नाही, ध्वनिव्यवस्था धड नाही, घामाने भिजलेले प्रेक्षक आणि घामाने भिजलेले नट. पुन्हा इथे प्रयोग करणार नाही, असे त्यांना जाहीरपणे म्हणावे लागले. माफी कुणी मागायला हवी होती आणि कुणी मागितली, याचा विचार करावा. भरत जाधव यांना ते बोलता आले, कारण त्यांच्या नावावर कोणत्याही गावात तिकिटे खपतात. पहिले-दुसरे नाटक घेऊन निघालेल्या संस्थेला हे धाडस परवडत नाही.

का परवडत नाही, हे नाट्यव्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणी नाव देऊन बोलत नाही. तारीख. शनिवार-रविवारच्या तारखा ज्यांच्या हातात, त्यांच्याशी सेट लावताना वाद घालून चालत नाही. आज भांडलात, तर पुढच्या वाटपात तुमच्या पदरी मंगळवार सकाळ येईल ही भीती खरी असो वा नसो, ती आहे आणि ती काम करते. शिवाय त्या घटकेला निर्माता पुरता कात्रीत सापडलेला असतो. तिकिटे विकली गेली आहेत, प्रेक्षक घरून निघाले आहेत, नट मेकअपला बसले आहेत. अशा वेळी समोरचा जे म्हणेल ते कबूल करण्यावाचून गत्यंतर नसते. धुराचा प्रवेश काढा, काढला. वरच्या चौथऱ्याची लेव्हल उतरवा, उतरवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हाच. आणि हेच व्यवस्थापन ऐन आठवड्यावर आलेली तारीख एखाद्या राजकीय मेळाव्यासाठी किंवा सरकारी सोहळ्यासाठी काढून घेते तेव्हा मात्र कुठलाच नियम आडवा येत नाही, ही तक्रार नाट्यसंस्था वर्षानुवर्षे करत आल्या आहेत.

आम्ही नियमांविरुद्ध लिहीत आहोत, असा समज कुणी करून घेऊ नये. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे आगीत गेली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिलमध्ये १४ जण गेले. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ पासून कलावंतांना आसरा देणारे ते घर, ज्यांचे नाव त्याला दिले त्या केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. तो रंगमंच जळताना पाहून कोल्हापूरची माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती. ज्याने ती दृश्ये पाहिली आहेत तो अग्निसुरक्षेच्या नियमाला अडथळा म्हणणार नाही. रंगमंचावर उघडी ज्योत नको, बाहेर पडायच्या दारापुढे सेटचे सामान नको, वायरिंगवर झेपेल तेवढाच भार हवा, हे कुठल्याही नेपथ्यकाराने आनंदाने पाळावे. तिसऱ्या घंटेनंतर उशिरा आलेल्याला आत न सोडण्याचा नियम पृथ्वी थिएटरने जुहूमध्ये कसोशीने जपला. त्यामुळे तिथे नाटक पाहायची एक शिस्त तयार झाली. चांगला नियम कलेला जागा करून देतो.

म्हणूनच वाईट अंमलबजावणी अधिक सलते. रात्री दहाची गोष्ट घ्या. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे केंद्रीय नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई करतात. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहांना अपवाद आहे आणि तिथे प्रेक्षागृहाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. तरीही चार भिंतींच्या आत चाललेला प्रयोग दहाला गुंडाळा म्हणून विंगेत माणूस येऊन उभा राहतो आणि कारण म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे नाव घेतो. ज्या नियमाने तुम्हाला मोकळीक दिली तोच तुम्हाला अडवण्यासाठी पुढे केला जातो, आणि विंगेत उभ्या असलेल्या सूत्रधाराकडे राजपत्राची प्रत नसते. उघड्यावरच्या कार्यक्रमांचे तसे नाही. तिथे हा नियम लागू आहे आणि शेजारच्या घरातल्या आजारी माणसाच्या झोपेला किंमत आहे. पण त्याचीही कलेने किती मोठी किंमत मोजली ते विसरता येत नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा. मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या वेळेला ऐकलेली एक पिढी आज साठीपुढे आहे. तिच्या मुलांनी ते राग मांडवात त्या वेळी ऐकलेलेच नाहीत. राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. ते दिवस कोणत्या उत्सवांच्या वाट्याला जातात आणि संगीताला त्यातले किती मिळतात, हेही एकदा मोजावे.

सेन्सॉरशी आणि पोलिसांशी झालेले झगडे कलाकारांनी हरल्याची उदाहरणे आहेत तशी जिंकल्याचीही आहेत. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात तरुण अकबर पदमसींच्या प्रदर्शनातली दोन चित्रे उतरवायला पोलिसांनी सांगितले. पदमसींनी नकार दिला. खटला झाला, ते सुटले, सरकार उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सीमाशुल्क विभागाने अश्लील म्हणून अडकवून ठेवलेली सूझा आणि पदमसी यांची चित्रे सोडण्याचा आदेश याच मुंबई उच्च न्यायालयाने दिला. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ची लढाई कमलाकर सारंगांनी याच न्यायालयात लढवली. संहिता आधी तपासून घेण्याच्या सक्तीला २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी तिथेच आव्हान दिले. या सगळ्यांना लढता आले, कारण समोर एक कागद होता. त्यावर सही होती, तारीख होती, कलम होते. मांडणीच्या वेळच्या वादात कागदच नसतो. तोंडी निरोप असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाकडे जायचे तर न्यायचे काय? प्रयोग झालेला असतो. लेव्हल उतरवलेली असते. वाद रात्री अकराला सेटबरोबर टेम्पोत चढतो आणि संपतो.

कागद नसला की काय होते याचा धडा अमेरिकेतल्या एका संग्रहालयाने आणि एका स्विस कलाकाराने जगाला दिला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थ ॲडम्स गावी जुन्या कारखान्याच्या इमारतींत मास मोका हे समकालीन कलेचे मोठे संग्रहालय आहे. २००६ मध्ये तिथे ख्रिस्तोफ ब्यूशेल या कलाकाराचे ‘ट्रेनिंग ग्राउंड फॉर डेमॉक्रसी’ हे मांडणशिल्प उभे राहायचे होते. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या दालनात जुन्या चित्रपटगृहाचे अंतरंग, एक दुमजली घर, मालवाहू कंटेनर असे सगळे आणले जात होते. सुरुवातीचा अंदाज एक लाख साठ हजार डॉलरचा होता. खर्च तीन लाखांच्या वर गेला. कलाकार म्हणाला, माझ्या सूचनेविना माझ्या कामाला हात लावता. संग्रहालय म्हणाले, तुमच्या मागण्या संपत नाहीत. डिसेंबर २००६ चे उद्घाटन बारगळले, ब्यूशेल निघून गेला तो परतला नाही. संग्रहालयाने अर्धवट काम ताडपत्रीने झाकले आणि ते लोकांना दाखवण्याची परवानगी मागण्यासाठी मे २००७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयाने संग्रहालयाच्या बाजूने कौल दिला. जानेवारी २०१० मध्ये अपील न्यायालयाने मात्र सांगितले की कलाकाराच्या हक्काचा कायदा अपूर्ण कलाकृतीलाही लागू होतो. तोवर ते काम मोडून टाकलेले होते. या साऱ्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी कधी लेखी करारच केलेला नव्हता. कुणाचा शब्द शेवटचा, पैसे किती, थांबायचे कधी, हे कुठेही लिहिलेले नव्हते. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात आणि तरीही कलाकृती मरते. आमच्या मते त्या प्रकरणात चूक एकट्या संग्रहालयाची नव्हती. ब्यूशेलनेही खर्चाची मर्यादा आधी मान्य करून लिहून द्यायला हवी होती.

आपल्याकडचा कायदा कलाकाराला कितपत साथ देतो? शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. त्याचे तुकडे झाले. सहगल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर, दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला ते अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. स्वामित्वहक्क कायद्याच्या ज्या ५७ व्या कलमाने सहगलांना न्याय दिला, त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. कलाकृती प्रदर्शित न करणे किंवा कलाकाराचे समाधान होईल अशा रीतीने प्रदर्शित न करणे, हा हक्कभंग समजला जाणार नाही, असे ते सांगते. मोडतोड झाली तर दाद मागता येईल. वाईट मांडणीची दाद तिथे नाही. म्हणजे मांडणीच्या तासांत कलाकाराला जे काही संरक्षण मिळायचे ते त्याच्या आणि सभागृहाच्या करारातूनच मिळणार, आणि आपल्याकडे करार म्हणजे भाड्याची पावती.

या सगळ्याचा परिणाम आता रंगमंचावर दिसू लागला आहे, हे आमच्या काळजीचे सर्वांत मोठे कारण. १९६२ मध्ये आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली आले तेव्हा त्यासाठी फिरता रंगमंच होता. प्रभाकर पणशीकर तो सरंजाम घेऊन गावोगाव हिंडले. लाकूड, लोखंड, चाके, आणि ते चढवणारी माणसे. न्यायालयाचे दृश्य फिरून घराचे व्हायचे आणि पाहणाऱ्याला श्वास घ्यायची उसंत मिळायची नाही. आज एखाद्या तरुण दिग्दर्शकाने दुपारी चारला मागच्या दाराशी फिरता मंच उतरवला, तर किती नाट्यगृहांत तो आत जाईल? जमिनीवर चरे पडतील, भार किती, परवानगी कुणाची, आधी का नाही सांगितले. प्रश्न रास्त आहेत. उत्तर द्यायला अधिकारी नाही. म्हणून ते नाटक लिहिलेच जात नाही. नेपथ्यकार आता कुठेही, कितीही वेळात, कोणत्याही नियमात बसेल असा सेट आखतो: तीन फ्लॅट, एक सोफा, एक खिडकी. आमच्या परिचयाच्या अनेक नेपथ्यकारांच्या बोलण्यात हीच खंत येते, की कागदावर रेघ ओढण्याआधीच मनात नाट्यगृहाचा व्यवस्थापक उभा राहतो. दिवाणखान्यातली नाटके वाईट असतात असे नव्हे. पण रंगभूमीला दुसरा पर्यायच उरू नये, ही गोष्ट भयंकर आहे. कुणी न सांगता कलावंताने आपली कल्पना आपणच छाटणे ही सेन्सॉरशिपची सर्वांत स्वस्त जात. तिला अधिकारी लागत नाही, आदेश लागत नाही, खटला लागत नाही.

ज्यांना हे सोसवले नाही ते पूर्वी बाहेर पडले. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकाचे जे घर मांडले, ते थिएटर नव्हतेच. शाळेचा हॉल, लाकडी लेव्हल्स, समोर खुर्च्या. पण तिथे लेव्हल कुठे ठेवायची हे नाटक करणारा ठरवत होता. सुलभा आणि अरविंद देशपांडे यांच्यासारखी माणसे जागा सांभाळत होती आणि ती स्वतः नाटकवाली होती, हे त्या चळवळीच्या यशाचे निम्मे कारण आहे. जागेचा रखवालदार आणि रंगकर्मी यांच्यात वैर असायची गरज नाही, याचा तो पुरावा होता. दृश्यकलेत हीच गोष्ट उलट्या दिशेने जाताना दिसली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात, प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बोलताना, अमोल पालेकरांनी नेमका हा मुद्दा काढला होता. स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या मोडीत काढून कोणती प्रदर्शने भरवायची हा निर्णय दिल्लीकडे नेला जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांना मध्येच थांबवण्यात आले. बरवेंबद्दलच बोला, असे सांगण्यात आले. चर्चा पालेकरांना अडवण्याचीच झाली. समित्यांचा प्रश्न मागे पडला, आणि खरा प्रश्न तोच होता: जागेचे नियम करताना त्या जागेत काम करणारे कुणी टेबलाशी बसलेले असते की नाही?

महाराष्ट्रातल्या बहुतेक नाट्यगृहांत ते नसते. व्यवस्थापक महापालिकेच्या दुसऱ्या खात्यातून बदली होऊन येतो. काल तो पाणीपट्टी पाहत होता, उद्या बाजार परवाने पाहील. त्याच्यावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल. सायक म्हणजे काय, बारवर किती वजन चालते, धुराच्या यंत्रातला धूर आणि आगीचा धूर यांत फरक काय, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. काही बिघडले तर चौकशी मात्र त्याचीच होणार. मग तो नाही म्हणतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही नाहीच म्हटले असते. ज्याला होकार देण्याचा अधिकार आणि होकाराइतके ज्ञान दिलेले नाही, त्याच्याकडून नकाराखेरीज काय मिळणार?

म्हणून प्रत्येक मोठ्या नाट्यगृहात रंगतंत्र जाणणारा, पूर्ण वेळचा एक तांत्रिक अधिकारी नेमावा, आणि सेट लावताना उठलेल्या वादात त्याचा शब्द शेवटचा असावा. तो हो म्हणाला तर जबाबदारी त्याची. तो नाही म्हणाला तर कारण दोन ओळींत लिहून, सही करून द्यावे. दोन ओळी पुरे आहेत. तोंडी नकाराला लेखी रूप द्यायचे ठरले की निम्मे नकार आपोआप विरतील, याची आम्हाला खात्री आहे. उरतील ते खरे असतील आणि निर्मात्याने ते मुकाट्याने मानावेत. नियमांची प्रत तारीख देतानाच हाती पडली पाहिजे, सोबत रंगमंचाची मापे, बारची क्षमता, विजेचा उपलब्ध भार आणि नाट्यगृह काय-काय पुरवणार त्याची यादी. निर्मात्यानेही आपल्या सेटचा आराखडा पंधरा दिवस आधी द्यावा. ऐन वेळी मागच्या दाराशी नवे काही काढून दाखवायचे आणि परवानगीसाठी गळ घालायची, ही सवय आपल्याकडच्या नाट्यसंस्थांनाही आहे आणि ती सोडावी लागेल. सेट लावण्याआधी आणि उतरवल्यानंतर दोघांनी मिळून रंगमंच पाहावा, सही करावी. मग अनामत कापण्यावरून भांडण उरत नाही.

हे आत्ताच का, असे कुणी विचारील. कारण इमारती आत्ता नव्या होत आहेत. प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये उघडले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राखेतून पुन्हा उभे करायचे काम हाती घेतले गेले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा वाद कित्येक वर्षे धुमसतो आहे. १९६८ मध्ये ते उघडले तेव्हा त्याच्या रचनेत पु. ल. देशपांड्यांसारख्या रंगकर्मीचा सल्ला घेतला गेला होता. आज खुर्च्यांच्या कापडावर, लॉबीच्या संगमरवरावर, बाहेरच्या रोषणाईवर कोट्यवधी रुपये खर्च होत आहेत. ते व्हावेत, प्रेक्षकाला सुख मिळावे. पण उद्घाटनाची फीत कापताना त्या वास्तूची नियमावली कुणी लिहिली, हा प्रश्न एकाही पुढाऱ्याला कुणी विचारत नाही. जुनीच नियमावली नव्या इमारतीला चिकटवली जाते आणि नव्या जमिनीच्या काळजीपोटी तिच्यात दोन मनाया वाढतात. एकदा नियम रुळला की तो काढायला पिढी जाते.

नाट्य परिषदेने आणि निर्माता संघाने हा विषय अध्यक्षीय भाषणातल्या एका परिच्छेदावर सोडू नये. रंगमंच कामगारांना बरोबर घ्यावे, कारण स्क्रू कुठे लागतो आणि कुठे लागत नाही हे त्यांच्याइतके कुणाला कळत नाही आणि आजवर त्यांना कुणी विचारलेले नाही. सांस्कृतिक कार्य विभागाने महापालिकांसाठी एक समान नमुना नियमावली करावी आणि तिचा मसुदा रंगकर्मींपुढे हरकतींसाठी ठेवावा. महापालिकांनी सरकारची वाट पाहत बसू नये. त्यांच्या हातात नाट्यगृहे आहेत आणि वाटपाचे वेळापत्रकही आहे. येत्या वाटपात ज्या संस्थेला तारीख मिळेल, तिच्या हातात पावतीबरोबर छापील नियम, नाट्यगृहाने द्यायच्या वस्तूंची यादी आणि सेट लावताना ज्याला फोन करायचा त्या अधिकाऱ्याचे नाव पडले पाहिजे. ही सुरुवात करायला ठराव लागत नाही, निधी लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.